जालनाहून नव्हे, जालन्याहून : भाषांतर कंपनीतील कामाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एका पत्राला उत्तर देताना मी भाषांतर आणि स्थानिकीकरण करणाऱ्या कंपन्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच एका वाक्याला धरून होती, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगते की, मी आधी काही वर्षे पुण्यातील एका कंपनीत नोकरी केली आणि आता परभणीच्या घरी बसून तेच काम करते. त्यामुळे उत्तरांत कार्यालयातील खुर्ची आणि घरातील इन्व्हर्टर हे दोन्ही येतील.

प्रश्न : ताई, मी मराठी विषय घेऊन एम. ए. केले आहे. एका स्थानिकीकरण कंपनीने मला चाचणीसाठी तीनशे शब्दांचा उतारा पाठवला आहे. भाषांतर म्हणजे काय ते कळते. पण स्थानिकीकरण म्हणजे नेमके काय आणि तेथे दिवसभर करायचे काय, हे कोणी नीट सांगत नाही.
— एक वाचिका, अंबाजोगाई

उत्तर : पुस्तकाचे भाषांतर करणाऱ्यासमोर पान असते. स्थानिकीकरण करणाऱ्यासमोर सुट्या ओळी असतात, आणि त्या कुठून आल्या हे बहुतेक वेळा ठाऊक नसते. मोबाइलमधील ॲप, एटीएमचा पडदा, कपडे धुण्याच्या यंत्रासोबत मिळणारी पुस्तिका, कीटकनाशकाच्या डब्यावरील इशारा, या सगळ्यांतील मजकूर, तारखा, रकमा, मोजमापे आणि संबोधने आपल्या माणसाला परकी वाटणार नाहीत अशी बसवणे, म्हणजे स्थानिकीकरण. सर्वांत सोपे उदाहरण स्वल्पविरामाचे आहे. दहा लाखांची रक्कम इंग्रजी मजकुरात १,०००,००० अशी येते. ती आपल्याकडे १०,००,००० अशीच लिहावी लागते.

काम चालते ते असे. ट्रॅडोस, मेमोक्यू, फ्रेज अशा एखाद्या प्रणालीत फाइल उघडते. डावीकडे इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे रिकामी चौकट असते, आणि अशा एका जोडीला सेगमेंट म्हणतात. तेच किंवा तसेच वाक्य पूर्वी कोणी मराठीत केले असेल, तर ते प्रणालीच्या साठ्यातून आपोआप समोर येते. या साठ्याला कार्यालयात सगळे टीएम, म्हणजे ट्रान्सलेशन मेमरी, म्हणतात. शेजारी ग्राहकाने ठरवून दिलेल्या संज्ञांची यादी असते. शिवाय वापरणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘आपण’, ‘सेव्ह करा’ लिहायचे की ‘जतन करा’, हे सांगणारी नियमपुस्तिका असते. तुम्ही केलेले काम दुसरी व्यक्ती मूळ मजकुराशी ताडून पाहते. भाषांतर सेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकात ही दुसऱ्या व्यक्तीची तपासणी सक्तीची आहे, आणि ते मानक मिरवणाऱ्या प्रत्येक कंपनीत ती खरोखर होते असे मात्र मी म्हणणार नाही. फाइल देणे, मुदत सांभाळणे आणि ग्राहकाशी बोलणे हे प्रोजेक्ट मॅनेजरचे काम असते. ग्राहक अमेरिकेचा असेल तर त्याचा दिवस मावळतो तेव्हा आपली सकाळ झालेली असते, म्हणून ‘आज संध्याकाळपर्यंत’ याचा अर्थ पुष्कळदा आपली रात्र असा होतो.

आता खरी अडचण सांगते. एका सेगमेंटमध्ये केवळ ‘ओपन’ एवढाच शब्द येतो. ते बटण असेल तर ‘उघडा’, दुकानाची स्थिती असेल तर ‘सुरू आहे’, तक्रारीची स्थिती असेल तर ‘प्रलंबित’. चित्र दिलेले नसते, मागचापुढचा मजकूर दुसऱ्याच फाइलमध्ये असतो, आणि अंदाजाने लिहिणाऱ्याच्या हातून दुकानावर ‘उघडा’ अशी पाटी लागते. प्रामाणिक भाषांतरकार अशा वेळी प्रश्नांच्या तक्त्यात प्रश्न नोंदवतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर दोन दिवसांनी येते आणि मुदत त्याच रात्री संपते, ही या धंद्यातील रोजची चुटपुट आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगण्यासारखी आहे. बसच्या तिकिटांच्या एका ॲपचे काम होते. इंग्रजी वाक्यात गावांच्या नावांच्या जागी महिरपी कंस होते. त्या जागी संगणक पुढे नाव भरणार होता. मी एका कंसाला ‘हून’ आणि दुसऱ्याला ‘ला’ जोडले, मनातल्या मनात ‘परभणीहून नांदेडला’ असे वाचून पाहिले, ते बिनचूक वाटले आणि फाइल पाठवून दिली. ॲप सुरू झाल्यावर पडद्यावर आले ‘जालनाहून पुणेला’. प्रत्यय लागताना परभणी आणि नांदेड ही नावे बदलत नाहीत. जालना आणि पुणे बदलतात. जालन्याहून, पुण्याला. संगणकाला सामान्यरूप ठाऊक नसते, आणि मी नेमकी आपल्या सवयीची दोन गावे घेऊन परीक्षा केली होती. एसटीच्या पाटीने हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे : ‘जालना ते पुणे’. ‘ते’ आणि ‘येथून’ नावाला धक्का लावत नाहीत. सरकारी पत्रांत ‘जालना येथून’ वाचताना आपल्याला हसू येते, पण कंसात नाव भरायचे असते तेव्हा तेच रूक्ष ‘येथून’ कामी येते. व्यक्तींच्या नावांनाही हाच उपाय चालतो. ‘आला’ की ‘आली’ हे ठाऊक नसताना ‘सविता यांनी प्रवेश केला’ असे वाक्य फिरवले की लिंगाचाही प्रश्न मिटतो आणि आदरही राखला जातो.

तेव्हा चाचणीचा उतारा करताना इंग्रजी किती कळले हे दाखवण्याची घाई करू नका. जेथे संदर्भ अपुरा आहे तेथे स्वतंत्र टीप लिहून प्रश्न विचारा. चाचण्या तपासताना माझे लक्ष आधी त्या टिपांकडे जाते आणि मग मजकुराकडे.

प्रश्न : मी पंधरा वर्षे डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, दिवाळी अंक असे सर्व काही केले. आता काम घटले आहे. भाषांतर कंपन्यांत माझ्यासारख्याला जागा आहे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जागा आहे, पण जुन्या फाँटवर नाही. आपल्याकडील छपाईचे बहुतांश काम ज्या फाँटमध्ये होत आले, त्यात अक्षर दिसते मराठी आणि साठवले जाते भलत्याच चिन्हांच्या रूपात. या कंपन्यांना केवळ युनिकोड, म्हणजे अक्षर अक्षर म्हणूनच साठवणारी पद्धत, चालते. अक्षर बसवण्याची दृष्टी तुमच्याकडे आहेच. इन-डिझाइन या पानांच्या मांडणीच्या प्रणालीत देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात, एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे परदेशात मांडणी झालेल्या कितीतरी पुस्तिकांत वेलांट्या भलतीकडे गेलेल्या दिसतात. अशा पुस्तिका मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडून छापण्यापूर्वी तपासून घेण्याचे वेगळे काम असते आणि त्याचे पैसे बहुधा तासावर मिळतात.

कळफलकाबाबत माझा सल्ला इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकण्याचा आहे. शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो. त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की ‘दऱ्या’ हा शब्द नीट लिहिता येतो. साधा ‘र’ वापरला तर डोंगरातील दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि पर्यटनाच्या पुस्तिकेत म्हैसमाळच्या पायथ्याशी समुद्र येतो.

प्रश्न : माझ्या मुलीला घरबसल्या भाषांतराचे काम देतो म्हणून फोन आला. काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी आणि अनामत म्हणून काही हजार रुपये भरायला सांगितले आहेत. भरावेत का?
— एक पालक, हिंगोली

उत्तर : भरू नका. या व्यवसायात पैसे कंपनीकडून भाषांतरकाराकडे जातात. उलटे मागणारा ठगच समजावा. गोपनीयतेचा करार खऱ्या कंपन्याही करून घेतात, पण त्याला शुल्क नसते. आणि ‘चाचणी’ म्हणून कोणी पंधरा-वीस पाने विनामोबदला करून मागत असेल, तर ती चाचणी नसून फुकट करून घेतलेले काम आहे.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका कंपनीसाठी बाहेरून काम करतो. पाच हजार शब्दांची फाइल येते आणि पैसे तीन हजार शब्दांचे मिळतात. तेही दोन-दोन महिने अडकतात. ही फसवणूक आहे की रीत?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पहिली गोष्ट रीत आहे, दुसरी रीत म्हणून खपवली जाते.

मोबदला इंग्रजी शब्दांवर मोजतात, परंतु सगळे शब्द सारखे धरत नाहीत. समजा, तुमच्या ५,००० शब्दांपैकी १,५०० शब्दांची वाक्ये टीएममध्ये जशीच्या तशी सापडली आणि त्यांना दराच्या २० टक्के मिळतात. आणखी १,५०० शब्द थोड्या फरकाने जुळले आणि त्यांना ६० टक्के मिळतात. उरलेले २,००० नवे आहेत. म्हणजे ३००, ९०० आणि २,००० मिळून हिशेबाचे शब्द ३,२०० झाले. दर ८० पैसे असेल तर बिल ४,००० रुपयांचे न होता २,५६० रुपयांचे होते. टक्केवारी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून ती काम घेण्यापूर्वी लेखी मागावी, आणि फाइलसोबत येणारा शब्दांचा तक्ता उघडून पाहण्याची सवय लावावी. जुळलेली वाक्येही वाचावीच लागतात. जुने वाक्य चुकीचे असेल तर दुरुस्तीचा वेळ तुमचाच जातो. ज्या कंपनीचा टीएम गचाळ आहे, तिला सूट देऊ नये, सर्व शब्दांना नव्या शब्दांचाच दर मागावा. मी तसा मागितला आहे आणि एका ठिकाणी काम गमावलेही आहे.

थकबाकीचे म्हणाल, तर तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मुदत बहुतेक कंपन्या लिहून देतात. तुम्ही लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घेतली, जी निःशुल्क आहे, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार भारतातील ग्राहकाला तुमचे पैसे पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक काळ रोखून धरता येत नाहीत. रोखल्यास व्याज द्यावे लागते आणि तक्रारीसाठी परिषद आहे. तक्रार करण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली. त्याआधी एका कंपनीने सात महिने ‘लेखा विभागाकडे पाठवले आहे’ हे एकच वाक्य मला पाठवले होते, आणि तेवढे एक वाक्य शंभर टक्के जुळत असे.

प्रश्न : मी मानवत तालुक्यातील खेड्यात वाढलो. माझे मराठी गावाकडचे आहे, असे महाविद्यालयात सतत ऐकवले जाई. अशा कंपनीत जायचे तर बोली विसरावी लागेल का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : प्रमाण लेखन शिकावे लागेल; त्यात सूट नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली; हे अठरा नियम पाठ करायला फार तर आठवडा लागतो आणि अंगवळणी पडायला वर्ष. तपासणारा ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक मोजून गुण कापतो. तुमच्या गावावरून मात्र कोणी गुण कापत नाही, कारण त्याच्यापुढे तुमचे नावही नसते.

विसरण्याचे म्हणाल, तर उलट सांगते. शेतीविषयक ॲप, पीक विम्याची माहिती, खतांची आणि बियाण्यांची पत्रके यांचे काम मराठीत येते, आणि ते करणारे अनेक जण शहरात वाढलेले असतात. हिंदी मजकूर समोर ठेवून केलेल्या मराठीत हरभऱ्याचा ‘चणा’ होतो. ‘खाली जागा भरा’ असे छापले जाते आणि शेतकरी पानाच्या तळाशी लिहायला जागा शोधतो, कारण हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामी. कापसाच्या बोंडाला इंग्रजीत ‘बोल’ हा वेगळा शब्द असला, तरी हरभऱ्याचा घाटा आणि तुरीची शेंग या दोन्हींना ‘पॉड’च म्हणतात, आणि तो शब्दकोशातून घेणारा माणूस कीड भलत्याच पिकावर नेऊन बसवतो. खुरपणी आणि कोळपणी यांतील फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. एकीला माणसाचे हात लागतात, दुसरीला औत.

बोलीचा हट्टही कामाचा नाही, हे त्याच दमात सांगायला हवे. आपल्याकडे शेतातील राहण्याच्या जागेला आखाडा म्हणतात. एका ॲपच्या तपासणीत मी ‘शेतातील आखाडा’ असे आवर्जून लिहिले, तेव्हा कोल्हापूरकडील सहकाऱ्याने गंभीरपणे विचारले की, शेतात कुस्त्या होतात काय. आपण वखर म्हणतो, पश्चिम महाराष्ट्रात कुळव म्हणतात. सर्व महाराष्ट्रासाठी एकच मजकूर जाणार असेल, तर तेथे ‘वखर किंवा कुळव’ असे दोन्ही लिहावे, आणि जागा अपुरी असेल तर कोणत्या जिल्ह्यांत हे ॲप आधी जाणार आहे, असा प्रश्न तक्त्यात टाकावा. दोन्ही शब्द ठाऊक असलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो.

थोडे विषयांतर होईल, पण मराठवाड्यातील माणसाने या कामाला परके मानू नये म्हणून लिहिते. आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि उस्मानिया विद्यापीठात सर्व विषय उर्दूतून शिकवायचे ठरले तेव्हा पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतर खाते निघाले. संज्ञा ठरवायला तेथे समित्या बसत. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक यांची कितीतरी वर्षे औरंगाबादेत गेली. रसायनशास्त्रातील एका संज्ञेवरून विद्वानांनी खल करणे आणि आज एका बटणावरील शब्दावरून चार शहरांतील माणसांनी दूरध्वनीवर वाद घालणे, या दोन्हींची जातकुळी एकच आहे. त्या काळच्या महसुली नोंदी उर्दूत असल्यामुळे त्या वाचून मराठीत आणणारे जाणकार आपल्याकडे आजही शोधावे लागतात, आणि जे आहेत ते बहुतेक वृद्ध आहेत. तुमच्या घरी कोणाला ती लिपी येत असेल, तर शिकून घ्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. निबंधसुद्धा यंत्र भाषांतरित करून देते हे रोज पाहते. विद्यार्थ्यांना या क्षेत्राकडे पाठवणे योग्य ठरेल काय?
— एक वाचिका, धाराशिव

उत्तर : नुसत्या भाषांतरासाठी पाठवू नका. गुगलने मराठीसाठी नव्या पद्धतीचे यंत्रभाषांतर २०१७ मध्ये आणले, आणि तेव्हापासून रिकामी चौकट कमी आणि यंत्राने आधीच भरलेली चौकट जास्त असा बदल माझ्या डोळ्यांदेखत होत गेला. त्या कामाला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. दर कमी असतो आणि अपेक्षित वेग दुप्पट. थकवा अधिक येतो, कारण यंत्राचे मराठी हल्ली गुळगुळीत असते आणि चूक गुळगुळीतपणाखाली दडते. पूर्वी वाक्य वेडेवाकडे आले की सावध होता येत असे. आता ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीतील अर्थाने, म्हणजे शिक्षण म्हणून, मराठी वाक्यात इतक्या सहज बसलेला असतो की, तिसऱ्या तासाला नजर त्यावरून घसरून जाते.

माणूस टिकून आहे तो जबाबदारीच्या कामात. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाचे संमतीपत्र मराठीत केल्यावर, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहतात. डोस चुकल्यास दुप्पट ‘घेऊ नये’ यातील ‘नये’ गळाले तर काय होईल, हे सांगायला नको. असे काम नेटाने करणारा विद्यार्थी तुमच्याकडे असेल, तर त्याला आधी ओमेगा-टी ही मोफत प्रणाली वापरायला शिकवा आणि फायरफॉक्सच्या मराठीकरणासारख्या स्वयंसेवी कामात महिनाभर हात घालू द्या. कंटाळा येतो की नाही, ते तेथेच कळेल.

प्रश्न : आमच्या शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. तरी काही ॲपमध्ये अजून उस्मानाबाद आणि औरंगाबाद दिसते. हा भाषांतरकारांचा निष्काळजीपणा नव्हे काय?
— याच वाचिकेचा दुसरा प्रश्न

उत्तर : क्वचित असेलही, पण बहुधा दोष टीएमचा असतो. जुने नाव असलेले वाक्य साठ्यात शंभर टक्के जुळते, खर्च वाचवण्यासाठी अशी वाक्ये कुलूपबंद करून पाठवतात आणि भाषांतरकाराला ती दिसली तरी बदलता येत नाहीत. ॲपच्या अभिप्रायाच्या चौकटीत तक्रार लिहा. ग्राहकाने सांगितल्यावर कुलूप लगेच निघते.

मात्र हाच बदल सरसकट करता येत नाही. परदेशी निघालेल्या एका मुलाच्या वडिलांचा जुना जन्मदाखला माझ्याकडे मराठीतून इंग्रजीत करायला आला होता आणि कुटुंबाचा आग्रह होता की, ठिकाण धाराशिव लिहावे. दाखल्यावर छापले होते उस्मानाबाद. मी उस्मानाबादच लिहिले, कारण पुढच्या टेबलावरचा माणूस दोन कागद शेजारी ठेवून अक्षरे जुळवणार होता. आजचे नाव मी स्वतंत्र टिपेत दिले आणि टीप भाषांतरकाराची आहे, असे तिच्याखाली नमूद केले.